हात मांडीखाली

मला सहाव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि त्यात कान गेले. मिरजेच्या दवाखान्यातून घरी आले, तेव्हा कडेगावजवळच्या आमच्या वस्तीवरच्या शेळ्या नुसतं तोंड उघडत होत्या आणि आवाज काही येत नव्हता. तोवर मी भरपूर बोलत होते, भांडत होते, शिव्यासुद्धा देत होते. त्यामुळं कान गेले तरी बोलणं डोक्यात शिल्लक राहिलं. हे आधीच सांगते, कारण शाळेनं पुढं माझं जे काही केलं ते ह्याच एका कारणानं.

कान गेल्यानंतरचं पहिलं वर्ष आई आणि मी हातांनी बोललो. कुणी शिकवलं नव्हतं. उसाच्या फडात बाया लांबून एकमेकींना खुणा करतात, तशा आम्हीही करत गेलो आणि त्यात रोज भर पडत गेली. वडील मिलिटरीत, म्हणून त्यांची खूण सलामाची. चुलती सारखी कमरेवर हात ठेवून उभी, म्हणून तिची खूण तीच. आई खुरपं बाजूला ठेवून मला सांगायची, की वडलांना रजा मिळत नाही, ते दिवाळीला येणार नाहीत, तुला वाईट वाटलं तर मलापण वाटलंय. एवढं सगळं आम्हाला सांगता यायचं.

मग मला सांगलीतल्या एका निवासी शाळेत घातलं. ती शाळा आता बंद झालीय. तिच्या प्रमुखांना आम्ही सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत असू. उंच बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि हातात लाकडी फूटपट्टी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाकावर बसवलं, माझे दोन्ही तळवे धरले आणि माझ्याच मांड्यांखाली सरकवले. शाळेत बसायचं ते असं. हात दिसता कामा नयेत. आम्ही ओठ बघायचे, ओठ हलवायचे, गळ्याला बोटं लावून आवाज काढायचा. ज्याचे हात वर आले त्याच्या बोटांच्या पेरांवर पट्टी. सपाट बाजूनं नव्हे, धारेनं.

माझ्या शेजारी खंडाळ्याची एक मुलगी होती. ती जन्मापासूनच बहिरी. तिला ‘क’ कधी आलाच नाही. जो आवाज तिनं आयुष्यात ऐकला नाही तो तिनं घशातून काढावा म्हणून तिच्या तोंडात चमच्याचा दांडा घालून जीभ दाबायचे. तिचे डोळे भरून यायचे आणि नकळत हात वर जायचे, ‘बास’ म्हणायला. मग पट्टी बसायची. तीच पुढं माझी जिवाभावाची मैत्रीण झाली.

मला मात्र पट्टी कमी बसली. मला बोलता येत होतं ना! पाहुणे आले की मला पुढं उभं करायचे. मी म्हणायची, “नमस्कार. मी आपल्या शाळेची विद्यार्थिनी आहे.” पाहुणे थक्क व्हायचे. बहिरी मुलगी बोलते म्हणजे शाळेची कमाल! मी सहा वर्षं ऐकत होते, बोलत होते, हे मोठ्या बाई त्यांना सांगत नसत. सांगायचं कशाला? त्यांनी माझ्यावर मेहनत घेतली ती एवढीच, की माझा ‘हाय’ काढून त्या जागी ‘आहे’ बसवला. ‘हाय’ हा आईच्या तोंडचा शब्द. माझ्या डोक्यात शिल्लक राहिलेला तो तिचा आवाज होता. माझा हात त्यांच्या गळ्यावर दाबून धरून त्यांनी तो पुसून काढला.

शाळा सुटल्यावर वसतिगृहात मात्र आमचे हात सुटायचे. मोठ्या मुली धाकट्यांना शिकवायच्या. दार लावून आम्ही भांडायचो, नकला करायचो, दिवसभराची सगळी भडास काढायचो. प्रत्येकीला हातांतलं नाव होतं. मोठ्या बाईंचंही होतं. एका हाताची दोन बोटं दुसऱ्या हाताच्या पेरांवर आपटायची. पट्टी. तेच त्यांचं नाव.

शाळा संपल्यावर मी विश्रामबागेतल्या एका प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर मराठी मजकूर जुळवायला लागले. नव्वदीच्या मधली वर्षं होती ती. लग्नपत्रिका, निवडणुकीची हँडबिलं, साखर कारखान्याचे अहवाल, जे येईल ते. मला ते काम आवडायचं. कॉम्प्युटर ओठ हलवत नाही, जे काय असेल ते पडद्यावर सरळ लिहून दाखवतो. माझ्या मैत्रिणीला शाळेच्याच वसतिगृहात स्वयंपाकघरात कामाला ठेवून घेतलं होतं. सुट्टीच्या दिवशी आम्ही कृष्णेच्या घाटावर भेटायचो आणि पोटभर बोलायचो.

एक दिवस मोठ्या बाई स्वतः प्रेसमध्ये आल्या. सोबत एका इंजिनिअरिंग कॉलेजचे सर होते आणि त्यांचा एक उंच विद्यार्थी. सरांनी कागदावर लिहून दाखवलं, की ते असा कॉम्प्युटर बनवत आहेत ज्याला माणसाच्या हातांच्या खुणा ओळखता येतील. माणूस आणि यंत्र यांच्यात बटणं, कीबोर्ड असलं काही नको, नुसता हात हलवला की यंत्राला कळेल. त्यासाठी त्यांना मूकबधिरांचे हात हवे होते.

मी मोठ्या बाईंकडं बघितलं. त्या हसत होत्या. ओठ मोठे करून, सावकाश म्हणाल्या, “दाखव ना त्यांना. तुमची भाषा किती सुंदर आहे.”

आमची भाषा! इतकी वर्षं ती माकडचेष्टा होती. अंगाची लाही लाही होणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. तरी मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला ते यंत्र बघायचं होतं. कॉम्प्युटर माझा आवडता, आणि त्याला माझी भाषा समजणार ही कल्पनाच अशी होती, की रागातसुद्धा मी त्याच्याकडं ओढली गेले.

कॉलेजच्या लॅबमध्ये मी आणि मैत्रीण गेलो. एका टेबलावर काळं कापड अंथरलेलं, वर स्टँडला एक कॅमेरा, दोन्ही बाजूंना प्रखर दिवे. आम्हाला मनगटापर्यंत येणाऱ्या काळ्या बाह्या घालायला दिल्या. पडद्यावर बघितलं तर आम्ही नव्हतोच. काळ्या पाण्यात तरंगावेत तसे दोन पांढरे पंजे, बाकी सगळा अंधार.

मी उंच मुलाला तोंडानं विचारलं, “चेहरा?”

त्यानं लिहिलं, “चेहऱ्याची गरज नाही. फक्त हात.”

आमच्या भाषेत भुवया असतात, गाल असतात, खांदे असतात. ‘आलास’ आणि ‘आलास का’ ह्यांतला फरक भुवयांत आहे. हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं सरांना सांगितलं. सर हसले आणि त्यांनी हात असा झटकला, की त्याचा अर्थ कळायला मला कॉम्प्युटर लागला नाही.

पुढं तर अजून मजा. हात हलवायचा नाही! आमची प्रत्येक खूण हलते, आणि ह्यांच्या यंत्राला स्थिर चित्र लागायचं. खूण केली की पंजा दगडासारखा धरून ठेवायचा, कॉम्प्युटर बराच वेळ विचार करायचा, मग पडद्यावर शब्द उमटायचा. पंजा थोडा कलला तरी चुकायचं. मग सर येऊन माझी बोटं धरायचे आणि नीट करायचे. नीट! माझ्याच भाषेत मला दुरुस्त करत होते. मैत्रिणीची ‘जेवण’ ही खूण अंगठ्याजवळ दुसऱ्या खुणेसारखी दिसते म्हणून त्यांनी ती बदलूनच टाकली आणि सांगितलं, की आता ‘जेवण’ असं करायचं. तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडात परत चमचा घातला होता.

शब्द त्यांनी आधीच ठरवून आणले होते. पाणी, जेवण, औषध, दुखतंय, मदत, संडास, धन्यवाद, असे दहा-एक. मी यादी वाचली आणि म्हणाले, “हे तर दवाखान्यातल्या आजाऱ्याचे शब्द आहेत.”

सरांनी मान हलवली, त्यांना ते कौतुक वाटलं असावं. मी म्हणाले, “‘नको’ घाला. आम्हाला ‘नको’ म्हणायचं असतं.”

उंच मुलानं माझा शब्द सरांना सांगितला. सर काय म्हणाले ते मी ओठांवरून वाचलं. “त्यांना काय नको असणार?”

मुलगा खाली बघू लागला. तो वाईट नव्हता. त्यानंच मला एकदा यंत्राचं आतलं गणित समजावलं. यंत्राकडं त्या दहा-एक खुणांची चित्रं साठवलेली होती. समोरचा हात त्यांतल्या ज्याच्याशी जास्तीत जास्त जुळेल तो शब्द ते म्हणायचं. मी विचारलं, ह्यातलं काहीच नसलं तर? त्यानं लिहिलं, “तरी त्यातलंच एक म्हणेल. ‘मला कळलं नाही’ असं त्याला अजून म्हणता येत नाही.”

साताऱ्याला विज्ञान प्रदर्शन भरलं. सरांचं यंत्र तिथं मोठ्या हॉलमध्ये दाखवायचं ठरलं. स्टेजवर खुर्चीत मी, पुढं टेबल, काळं कापड, दिवे. लॅबमधल्या एका पडद्याऐवजी एक मोठा रंगीत टीव्ही लोकांकडं तोंड करून आणि एक छोटा पडदा माझ्यापुढं. शब्द उमटला की स्पीकरमधून एका बाईचा आवाज निघायचा. तो आवाज कॉलेजमधल्या कुणा मॅडमनी रेकॉर्ड केला होता. माझ्या हातांना कुणा परक्या बाईचा आवाज लावला होता, आणि तो मला ऐकूही येणार नव्हता. पुढच्या दोन रांगांत शाळेची मुलं गणवेशात बसवली होती. माझी मैत्रीण त्यांना सांभाळायला आली होती. मोठ्या बाई पाहुण्यांबरोबर पहिल्या रांगेत.

मी ‘पाणी’ केलं. पंजा धरून ठेवला. टीव्हीवर ‘पाणी’. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ‘मदत’. टाळ्या. ‘दुखतंय’. टाळ्या. हे लोक माझ्या दुखण्याला टाळ्या वाजवत होते! मी समोर बघितलं. रांगेतल्या सगळ्या पोरांचे हात मांड्यांखाली होते. साताऱ्याच्या त्या हॉलमध्ये, हातांच्या भाषेचं कौतुक चाललेलं असताना, तळवे मांड्यांखाली दाबून बसली होती ती. एक बारकी पोर माझ्याकडं बघून अंग पुढं-मागं करत होती, तिला काहीतरी म्हणायचं होतं, आणि तिचे हात तिच्याच वजनाखाली अडकले होते.

मी यादी सोडली. हात कॅमेऱ्याखालीच ठेवले, पण तोंड पोरांकडं वळवलं. दोन बोटं पेरांवर आपटली. पट्टी. मग मोठ्या बाईंकडं बोट केलं. मग हातांनीच म्हणाले, “ही आपल्याला ह्याच हातांसाठी मारते. आज हीच आपले हात दाखवून मोठी होतीये. हात काढा. बसू नका असं.”

सगळं एका दमात, चेहऱ्यासकट, खांद्यासकट म्हणाले. खाली पडद्यावर यंत्र रखडत मागून येत होतं आणि मध्येच जुळेल तो शब्द टाकत होतं. ‘जेवण’. ‘धन्यवाद’. ‘औषध’. ‘धन्यवाद’. ‘धन्यवाद’. स्पीकरमधली बाईसुद्धा तेच म्हणत असणार, कारण लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्या दृष्टीनं मी भारावून आभार मानत होते.

आधी ती बारकी पोर हसली. तिनं हात काढले आणि पेरांवर दोन बोटं आपटली. मग शेजारच्यानं. मग दोन्ही रांगांचे हात वर आले. पाहुण्यांनी वळून बघितलं आणि त्यांना वाटलं, ही मुलं टाळ्यांचीच नक्कल करतायत. तेही हसले.

त्या हॉलमधल्या ऐकू येणाऱ्या माणसांत एकालाच मी काय म्हणाले ते कळलं. मोठ्या बाईंचं तोंड पांढरं पडलं. त्या टीव्हीकडं बघत नव्हत्या, माझ्या हातांकडं बघत होत्या, आणि शेवटचा शब्द होईपर्यंत नजर हलली नाही. तेव्हा मला समजलं. ह्या बाईला आमची भाषा येते. सगळी येते.

स्टेजमागं त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूला माणसं होती, म्हणून त्यांनी तोंड बंद ठेवलं आणि हात उचलले. स्वच्छ, सफाईदार, आमच्या वसतिगृहातल्याच खुणा. “कृतघ्न. शाळेचं नाव घालवलंस.” मी त्यांच्याकडं इतकी वर्षं काढली, आणि त्या माझ्याशी हातांनी पहिल्यांदा बोलल्या ते हे!

मी तोंडानं ओरडले. माझा आवाज कसा येतो मला माहीत नाही, पण सर दचकून मागं सरले. “तुम्हाला येत होतं! तुम्हाला येत होतं!” एवढंच येत राहिलं तोंडातून. त्या निघून गेल्या.

प्रदर्शनात सरांना पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आला, त्यात सर हसताहेत आणि खालच्या कोपऱ्यात माझे पंजे आहेत, मनगटापर्यंत. मैत्रीण रविवारी घाटावर भेटली तेव्हा तिनं सांगितलं, की हात वर करणाऱ्या पोरांना आठवडाभर खेळायला सोडलं नाही. बारकीच्या बोटांवर वळ होते.

मी तिथूनच एस.टी. पकडून कडेगावला गेले. आईचे ओठ मला सगळ्यांत नीट वाचता येतात. तिला सगळं सांगितलं, शाळेतल्या पट्टीपासून स्टेजपर्यंत. मारायचे हे तिला ठाऊक नव्हतं. बाकीच्या मुलांना घरी ते सांगता येईल अशी भाषाच ठेवली नव्हती, आणि मला बोलता येत असूनही आईला मनातलं सांगणं मी कधीच सोडलं होतं. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, “त्या बाईस्नी सोताला येतं? हातानं बोलाया?”

“येतं.”

“तू डोळ्यानं बघितलंस?”

“माझ्याशीच बोलल्या.”

आईनं ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन सांगलीला आली. मोठ्या बाई ऑफिसात होत्या. आई बसली नाही. मी तिच्या बाजूला अशी उभी राहिले, की दोघींचे ओठ दिसतील.

“आवं बाई,” आई म्हणाली, “हिला शाळंत घातली तवा तुमी मला काय सांगितलं हुतं? घरात हातवारं केलंस तर पोर जल्माची मुकी ऱ्हाईल. व्हय का न्हाई?”

मोठ्या बाई म्हणाल्या, “आम्हाला प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं. शास्त्र हेच सांगत होतं तेव्हा.”

“शास्तर ऱ्हाऊ द्या. मी अडाणी, मला काय कळतंय शास्तर. पर म्या तुमचं ऐकलं. ही शाळंत असताना मला पोरगा झाला आन म्हैन्याभरात ग्येला. दिवाळीला ही घरी आली. पाळणा कुठं हाय, म्हणून मला हातानं इचारत हुती. सारखी इचारत हुती. आन म्या माझं हात पदरात बांधून बसले! तोंडानं सांगत ऱ्हायले, आन हिला त्ये वाचता येत न्हवतं. पोर रडून झोपली. तुमाला येत हुतं, बाई. तुमाला समदं येत हुतं.”

मला ती दिवाळी आठवत होती. घरात पाळणा बांधणार हे शाळेत जाण्याआधी आईनंच मला हातांनी सांगितलं होतं. आढ्याला त्याची दोरी तेवढी लोंबत होती. त्या दिवाळीत आईनं माझ्याकडं पाठ फिरवली असं मी समजले होते, आणि तेच धरून मोठी झाले. भाऊ गेला हे मला पुढं कधीतरी चुलतीच्या तोंडावरून कळलं, एखाद्या जुन्या बातमीसारखं.

मोठ्या बाईंनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाल्या, “इतकी वर्षं मुलांत राहून येणारच ना. पण परवानगी देणं वेगळं.”

माफी त्यांनी मागितली नाही. मी वाट बघत होते, आईही बघत होती. आईनं शेवटी एवढंच म्हटलं, “ती बारकी पोर कोन हाय? तिच्या आईचा पत्ता द्या मला.”

तो काही त्यांनी दिला नाही. स्वयंपाकघराच्या दारात माझी मैत्रीण उभी होती, तिला सगळं माहीत होतं. पोरगी विट्याकडची होती. आई त्या घरी गेली आणि मग अजून दोन-तीन घरी गेली. काहींनी तिला हाकलून दिलं. एका बापानं, शाळा हात बांधते तेच बरं, म्हणून सांगितलं. बारकीच्या आईनं मात्र पोरगी सुट्टीला आली की हातांनी बोलायला सुरुवात केली, हे मैत्रिणीकडून कळलं. मोठ्या बाई निवृत्त होईपर्यंत वर्गात पट्टी चालूच राहिली. उंच मुलगा एकदा प्रेसमध्ये आला, यंत्रात सुधारणा करायचीय म्हणाला. मी त्याला सांगितलं, आधी वर्षभर घाटावर येऊन बस आणि शिक. तो दोनदा आला, मग त्याला पुण्यात नोकरी लागली.

आई आणि मी परत बोलायला लागलो, पण ते पहिल्यासारखं झालं नाही. तिची बोटं खुरप्यानं आणि वयानं ताठरली होती, आणि माझ्या खुणा वसतिगृहाच्या होत्या, तिच्या फडातल्या. कितीतरी वेळा आम्ही एकमेकींना कळायचो नाही आणि दोघीही चिडायचो. एका संध्याकाळी चुलीपुढं तिनं मला भावाबद्दल सांगितलं. तो कसा दिसायचा, कसा मूठ आवळून झोपायचा, ताप कुठल्या वारी चढला, वडलांना तार कुणी केली. मध्येच तिला एक खूण सापडेना. ती हात हवेत धरून तशीच बसली, आठवत. मी ती सांगितली नाही. मला माहीत नव्हती.